नदीकाठच्या पायऱ्या

आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या एका अंगाला वर्धा आणि दुसऱ्या अंगाला पैनगंगा. या नद्यांच्या काठचा शेतकरी आपल्या जमिनीचे दोन भाग सहज सांगतो : पुरात बुडते ती खालची, आणि पूर चढत नाही ती वरची. मधली दरड तो रोज चढतो-उतरतो. परंतु वरच्या शेतात विहीर खणताना काळी माती संपून एकाएकी वाळू आणि गुळगुळीत गोटे लागले, तर ते तेथे आले कोठून, याचा विचार आपण केला आहे काय?

डोंगरावरून ढासळलेला दगड कोनाकोनांचा असतो. त्याला लोळवून लोळवून गोल करते ती नदी. तेव्हा अशा गोट्यांचा थर लागला की एके काळी नदी येथून वाहत होती, असे समजावे. पुढे तिने आपला तळ खोल कोरला आणि जुने पात्र काठावर उंच राहून गेले. हीच नदीची पायरी. अशा दोन-तीन पायऱ्या असल्या, तर सर्वांत वरची सर्वांत जुनी. विहिरीत मात्र उलट, तेथे खालचा थर आधीचा. मुलांचा घोटाळा होतो तो नेमका येथे.

आता नदी खोल का गेली? नेहमीचे उत्तर असे, की जमीन वर उचलली गेली. करवत जागच्या जागी चालत राहावी आणि लाकूडच हळूहळू वर सरकवावे, तशी ही कापणी. गुजरातेत नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात, जेथे भूकवचाला मोठ्या भेगा आहेत, तेथे हे उत्तर लागू पडते. आपले पठारही अगदी निश्चल नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने ते दाखवून दिलेच.

पण म्हणून प्रत्येक पायरी त्याच खात्यावर मांडू नये. शेवटच्या हिमयुगात आपल्याकडचा पावसाळा दुबळा झाला, पठारावरच्या नद्यांना गाळ ओढवेना, पात्रे भरत गेली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पाऊस पुन्हा बळावला आणि नद्यांनी तोच गाळ कापला. जमीन तसूभरही न उचलता पायरी तयार!

मग ओळखावे कसे? गाळाची पायरी नदीबरोबर सावकाश उतरत जाते. ती मध्येच वाकली, किंवा एखाद्या भेगेच्या दोन बाजूंना तिची उंची निरनिराळी भरली, तर जमीन हलल्याचा संशय घ्यावा. दरडीत माती-गोट्यांऐवजी अखंड काळा खडक कापलेला दिसला, तर नुसता जुना गाळ उपसला गेला, एवढ्याने भागत नाही. उमरखेडच्या बाजूला सहस्रकुंडाला पैनगंगा अशाच खडकावरून कोसळते. तिचे कोरण्याचे काम अजून चालू आहे.

शिक्षकांनी उन्हाळ्यापूर्वी मुलांना नदीवर न्यावे. दोन्ही काठांच्या पायऱ्या पाण्यापासून किती हात उंच आहेत, ते दोरीने मोजून वहीत लिहावे. पावसाळा नुकताच संपला असेल, तर दरडीखाली मात्र उभे राहू नये. ओली दरड न सांगता सुटते.