कुल्ल्यातला लपलेला स्नायू

दोन-तीन तास एका बैठकीत अभ्यास करून उठताना कुल्ल्यात खोलवर काहीतरी आखडल्यासारखे वाटते. वरून कितीही चोळा, हात तिथवर पोचत नाही. कसा पोचणार? कुल्ल्याचा वरचा स्नायू शरीरातला सर्वांत मोठा, आणि आखडलेला असतो तो पुष्कळदा त्याच्याखाली दडलेला. त्याचे नाव पायरिफॉर्मिस. हा लॅटिन शब्द. अर्थ नासपतीच्या आकाराचा. माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडापासून निघून तो मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जोडलेला असतो. उभे राहून पाऊल बाहेरच्या बाजूस वळवा. त्या कामात त्याचा वाटा असतो.

त्याला गाठायला टेनिसचा चेंडू पुरतो. (क्रिकेटचा नको, तो फार टणक!) भिंतीकडे पाठ करून उभे राहा. चेंडू कुल्ल्याच्या मध्यावर भिंतीशी धरा आणि गुडघे किंचित वाकवून अंगाचा भार हळूहळू त्यावर टाका. एका जागी दुखेल, पण बरेही वाटेल. तेथे अर्धा मिनिट थांबा. श्वास रोखू नका.

या दाबाने होते काय? कणकेच्या गोळ्यासारखी गाठ सपाट झाली असे आपल्याला वाटते, पण एवढ्याशा दाबाने स्नायू काही लांब होत नाही. त्वचेतली व स्नायूतली मज्जातंतूंची टोके दाबाची वर्दी मज्जारज्जूला आणि मेंदूला देतात. दुखण्याची जाणीव मंदावते. 'ताठ राहा' हा स्नायूला मिळणारा हुकूमही सौम्य होतो, असे मानतात. म्हणूनच हा आराम तात्पुरता असतो. लगेच थोडे चालून या. नाहीतर बसलात की पुन्हा तेच.

अशा दुखऱ्या बिंदूंचा अभ्यास अमेरिकेच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी वर्षानुवर्षे केला. पाठदुखीने बेजार झालेल्या अध्यक्ष केनेडींच्या त्या डॉक्टर होत्या. हे बिंदू नेमके कशामुळे तयार होतात, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू, सायटिक, बहुतेकांच्या बाबतीत याच स्नायूखालून पायात उतरतो; काहींचा तर स्नायूतूनच! मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून तासन्‌तास बसणाऱ्यांच्या पायाला मुंग्या येतात त्या यामुळेच. चेंडूवर भार देताना पायात मुंग्या आल्या किंवा वीज चमकल्यासारखी कळ गेली, तर दाबला जातोय तो मज्जातंतू. चेंडू लगेच काढा. दाब नसतानाही पाय बधिर राहत असेल किंवा पाऊल उचलत नसेल, तर चेंडू बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.