शवासन मोजलं तेव्हा
स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही काढलं. योगाचे गुण गाणारे तेव्हाही कमी नव्हते. ते गुण यंत्रावर मोजून दाखवायचे, हा कुवलयानंदांचा आग्रह होता. त्या आग्रहाचं मोल हृदयरोगाच्या क्षेत्रात फार मोठं आहे.

१९६९ साली 'अँजिऑलॉजी' या रक्तवाहिन्यांविषयीच्या नियतकालिकात मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांचा शवासनावरचा निबंध आला. सहलेखकांत कैवल्यधामचे डॉ. विनेकर होते. उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं होतं. उताणं पडायचं, अंग सैल सोडायचं, पोटाने संथ श्वास घ्यायचा. श्वास घेतल्यावर क्षणभर थांबायचं, सोडल्यावर त्याहून थोडं जास्त. लक्ष नाकपुड्यांकडे: आत येणारी हवा गार, बाहेर जाणारी कोमट. असं अर्धा तास. औषध न घेणाऱ्या १० जणांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ वर आला. औषध घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या गोळ्याही कमी झाल्या.

दाब उतरणं महत्त्वाचं, कारण तो सतत चढा राहिला की धमनीच्या भिंतीतला स्नायू जाड होतो, आतलं नाजूक अस्तर दुखावतं आणि तिथे चरबी साचू लागते.

दात्यांच्या अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही त्याची मोठी उणीव. ती लंडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७५ साली भरून काढली; योगाने शिथिल होणाऱ्यांचा दाब तुलनेच्या गटापेक्षा जास्त उतरला. २०२० साली भारतातल्या २४ रुग्णालयांतल्या, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे ४,००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्यांना अधिक बरं वाटलं, ते नेहमीच्या कामांकडे अधिक चांगले परतले. मृत्यू किंवा पुन्हा झटका येणं मात्र ठळकपणे घटलं नाही.

म्हणून शवासन जरूर करा, पण गोळी मनाने बंद करू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब मोफत तपासून मिळतो. तिशी ओलांडली असेल तर या आठवड्यातच जाऊन या.