घरच्या वायफायलाही हवा सोपा आणि माजघर

१९९८ साली आपल्या वारणानगरच्या भोवतालच्या ७० गावांत संगणक आले, तेव्हा उसाची नोंद बघायला गावातल्या केंद्रावर जावं लागायचं. आता दुधाचं बिल, गटाची बचत, कर्जाचा हप्ता सगळं घरातच बघता येतं, घरच्या वायफायवर. आणि त्या वायफायचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत असतो? शेजारच्या पोराला, पाहुण्यांना, कॅमेरा बसवून गेलेल्या माणसालासुद्धा.

बँकेचं ॲप आपली माहिती कुलूपबंद करूनच पाठवतं, त्याची फार काळजी नको. काळजी आहे ती गटाच्या हिशेबाच्या लॅपटॉपची. एका वायफायवरची यंत्रं साधारणपणे एकमेकांपर्यंत पोचू शकतात. स्वस्तातला कॅमेरा किंवा कुठूनही गेम उतरवणाऱ्या पोराचा फोन, यातल्या एकाला कीड लागली की ती लॅपटॉपची वाट शोधते.

आपल्या जुन्या घरात आल्यागेल्याला सोप्यात बसवायचं, माजघरात नाही. तसंच इथं करायचं. कंपनीनं बसवलेला राऊटर म्हणजे सोपा. पाहुणे, टीव्ही, कॅमेरा त्याच्यावर. दुसरा राऊटर माजघर. त्यावर फक्त लॅपटॉप आणि पैशाचे व्यवहार होणारा फोन.

इथंच बरेचजण उलटं करतात. नवा राऊटर पाहुण्यांना देतात आणि जुना स्वतःला ठेवतात. पण माजघरातून सोप्यात येता येतं, सोप्यातला मात्र आत येऊ शकत नाही. म्हणजे पाहुण्याला आपणच माजघरात बसवलं की!

जोडणी सोपी आहे. पहिल्याच्या ‘लॅन’ पोर्टमधून वायर काढायची आणि दुसऱ्याच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये लावायची. हा पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा असतो. दुसरं टोकही ‘लॅन’मध्येच खुपसलं, तर मधली भिंतच उभी राहत नाही. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याचा १९२.१६८.२.१ करून घ्या. दोघांचा पत्ता एकच राहिला तर इंटरनेट अडतं. दोन्हीकडे वायफायचे पासवर्ड वेगळे, आणि राऊटरच्या सेटिंगचा आयता आलेला पासवर्डही बदलायचा. तो बहुतेक सगळे विसरतात.

पैसे घालण्याआधी एक बघा: बऱ्याच राऊटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतं. ते चालू करून पाहुणे, टीव्ही, कॅमेरा तिकडे लावले, तर साध्या घराला तेवढंही पुरतं.

यातलं काहीही केलं, तरी आपणच फोनवर ओटीपी सांगितला तर राऊटर काय करणार? तसं झालंच, तर घरच्यांना कसं सांगू म्हणत वेळ घालवू नका, लगेच १९३० ला फोन लावा.

दुसरा राऊटर बसवून झाला की पोराचा फोन सोप्याच्या वायफायला जोडा, त्याचा मोबाईल डेटा बंद करा आणि १९२.१६८.२.१ उघडून बघा. पान उघडलं नाही, तर भिंत बहुधा नीट बसली. उघडलं, तर वायर कुठल्या पोर्टमध्ये आहे ते आधी तपासा.