शारजाच्या ट्रॅफिकमध्ये चायकोव्हस्की

“सगळं कागदावर लिहिलेलं आहे, मग एकाच सिंफनीची दहा रेकॉर्डिंगं कशाला?” आमच्या दुबईतल्या मराठी मित्रमंडळींत हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. ख्याल ऐकून तयार झालेल्या कानाचं हे म्हणणं समजू शकतं. आपल्याकडे बंदिश दोन-चार ओळींची, बाकी सगळं गाणाऱ्याचं. पण सगळं लिहिलंय म्हणजे वाजवणाऱ्याला काही उरलं नाही, असं नसतं.

चायकोव्हस्कीची सहावी, ‘पॅथेटिक’ घ्या. १८९३च्या ऑक्टोबरात सेंट पीटर्सबर्गला त्यानं ती स्वतः पहिल्यांदा सादर केली आणि नवव्या दिवशी तो गेला. तिचा शेवटचा भाग कंडक्टर म्राविन्स्की आणि लेनिनग्राड फिलहार्मोनिक यांच्या १९६०च्या रेकॉर्डिंगमध्ये दहा मिनिटांच्या आसपास संपतो. १९८६ साली बर्नस्टाइन न्यूयॉर्क फिलहार्मोनिकला घेऊन त्याच भागाला सतरा मिनिटं लावतो. स्वर तेच!

यावर लगेच निकाल येतो: बर्नस्टाइन जास्त भावपूर्ण. विलंबित म्हणजे भाव, हे समीकरण आपण मैफलीतूनच उचललेलं असावं. चायकोव्हस्कीनं त्या भागाच्या सुरुवातीला लयीचा आकडा दिला आहे, मिनिटाला ५४ ठोके. बर्नस्टाइन त्याच्या खूप खाली आहे. ते चूक नाही, पण त्या लयीत वाक्य तुटत नाही ना, एवढं पाहावं. मला स्वतःला तिथे कधीकधी ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरायला होते. म्राविन्स्कीकडे तसं होत नाही, आणि दुःखही कमी होत नाही.

याच भागाच्या आरंभी एक गंमत आहे. पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनना सुरावटीचे स्वर एकाआड एक वाटून दिलेत. कुठल्याच गटाकडे ती सुरावट सलग नाही. ती जुळते ऐकणाऱ्याच्या कानात. हाच विषय पुढे परततो तेव्हा मात्र पहिली व्हायोलिनं तो सरळ वाजवतात. आज बहुतेक ठिकाणी हे दोन्ही गट कंडक्टरच्या डावीकडे शेजारी बसतात. तेव्हाच्या प्रथेप्रमाणे त्यांना समोरासमोर बसवलं असेल, तर हेडफोनमध्ये सूर इकडून तिकडे झोके घेताना कळतो. मोनो रेकॉर्डिंगमध्ये एवढं एक हरवतं. वाक्यांचा श्वास हरवत नाही, म्हणून ‘जुनं आहे’ एवढ्यावर ते बाद करू नये.

‘लाइव्ह’ या शब्दालाही फार भुलू नये. अशी पुष्कळ रेकॉर्डिंगं दोन-तीन रात्रींच्या मैफलींतले चांगले तुकडे जोडून बनतात. तिसऱ्या भागाच्या दणदणीत शेवटानंतर श्रोते हमखास टाळ्या वाजवतात, त्याही बहुधा कापलेल्या असतात. सभागृहात ऐकलं तसंच घरी ऐकू यावं, ही अपेक्षाही फसवी. दुबई ऑपेरा २०१६ साली सुरू झालं. तिथल्या सुमारे दोन हजार खुर्च्यांपैकी एकीवरही बसून ओबो इतका जवळून ऐकू येणार नाही, कारण रेकॉर्डिंगवेळी माइक वादकांच्या डोक्यावर टांगलेला असतो. वाद्यांचा तो तोल पुष्कळदा कंडक्टरचा नसून ध्वनिमुद्रकाचा असतो.

आता ज्या तक्रारीवरून हे लिहायला बसलो ती: “रेकॉर्डिंग खराब आहे, मध्येच आवाज जातो.” आवाज जातो तो पहिल्या भागाच्या मध्यावर. क्लॅरिनेटची सुरावट विझत जाते, शेवटचे चार स्वर बसून या वाद्याला दिलेत आणि त्यांखाली ‘पी’ हे अक्षर सहा वेळा लिहिलंय. एका ‘पी’चा अर्थच ‘हळू’. बसूनला खालच्या पट्टीत इतकं मंद वाजवणं कठीण, म्हणून बरेच कंडक्टर ते स्वर बास क्लॅरिनेटला देतात. पुढच्याच क्षणी अख्खा वाद्यवृंद कडाडतो. शारजाहून दुबईला येताना, टायरच्या घरघरीत आणि एसीच्या झोतात, ते चार स्वर ऐकू येणारच नाहीत. मग माणूस आवाज वाढवतो आणि कडाडल्यावर दचकून ब्रेकवर पाय ठेवतो. फोनमधली आवाज सारखा करणारी सोय लावली तर दचकणं टळतं, पण चायकोव्हस्कीनं मांडलेला डावही उधळतो.

त्यापेक्षा बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये गाडी उभी करा, इंजिन बंद करा आणि तेवढा तुकडा ऐका. एसी बंद ठेवावा लागेल, पण त्या चार स्वरांना काही सेकंदच लागतात. ऑगस्टातही तेवढं सोसतं.