सातबारा उतारा आणि एस.क्यू.एल. : शहापूर-मुरबाड परिसरातील पदवी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने डेटाबेस रचनेचे अध्ययन

प्रस्तावना :

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके मुंबई महानगराच्या सान्निध्यात असूनही स्वरूपाने ग्रामीण व डोंगराळ राहिले आहेत. शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा या जलाशयांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. या परिसरातील विद्यार्थी बारावीपर्यंत बहुधा मराठी माध्यमातून शिकतो. मुंबई विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात संगणकशास्त्र अथवा माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतल्यानंतर मात्र 'डेटाबेस' ही संकल्पना त्याच्यासमोर इंग्रजी पाठ्यपुस्तकातून येते. त्या पुस्तकात कर्मचारी असतात, विभाग असतात, व्यवस्थापक आणि त्यांचे पगार असतात. ज्या प्रकारच्या कार्यालयाची पायरी विद्यार्थ्याने कधी चढलेली नाही, त्या कार्यालयाचे तक्ते तो पाठ करतो. प्रात्यक्षिक परीक्षेपुरत्या दहा-वीस क्वेरी मुखोद्गत होतात. परंतु कोरा कागद देऊन 'रचना करा' असे म्हटले की लेखणी थांबते.

याच विद्यार्थ्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला सातबारा उतारा असतो. तो उत्तम रीतीने आखलेला, संबंधांवर आधारलेला डेटाबेस आहे. त्याच्या आधारे या विषयाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गाव दप्तरातील रचना :

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना माहितीच्या संबंधाधिष्ठित प्रतिमानाची मांडणी केली. माहिती तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळ एखाद्या किल्लीने ओळखता यावी आणि तक्त्यांमधील नाते त्या किल्ल्यांच्या मूल्यांवरून जुळावे, हा तिचा गाभा होय. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या प्रतिमानासाठी 'सिक्वेल' ही भाषा प्रसिद्ध केली. पुढे तिचे नाव एस.क्यू.एल. झाले आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला.

महसूल खात्याच्या दप्तरात हाच विचार कागदावर फार पूर्वीपासून रुजलेला होता. सातबारा हा वस्तुतः दोन नमुन्यांचा एकत्र उतारा आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख. त्यात जमिनीचा भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकारणी, खातेदार आणि इतर हक्क यांची नोंद असते. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. मालकी वर्षानुवर्षे बदलत नाही. पीक दर हंगामात बदलते. म्हणून दोन्ही बाबी वेगळ्या वह्यांत ठेवल्या गेल्या. ज्याला पाठ्यपुस्तक नॉर्मलायझेशन म्हणते, त्याची पहिली जाण येथे आहे : भिन्न गतीने बदलणाऱ्या, भिन्न गोष्टींविषयीच्या माहितीस भिन्न तक्ते हवेत.

नमुना आठ-अ मध्ये एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी एकत्र दिसतात. यातील माहिती मूलतः नमुना सातमधीलच आहे, केवळ खात्याच्या बाजूने मांडलेली. हस्तलिखित पद्धतीत ती पुन्हा लिहावी लागे आणि पुन्हा लिहिताना तफावत पडू शके. डेटाबेसमध्ये आठ-अ हा स्वतंत्र तक्ता करण्याचे कारण नाही. तो 'व्ह्यू' म्हणून मागता क्षणी तयार होतो. साठवलेली माहिती आणि काढलेली माहिती यांतील हा भेद विद्यार्थ्यास एकदा उमगला, की व्ह्यूची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

एकाच मोठ्या तक्त्याचे दोष :

नवशिक्या विद्यार्थ्याची प्रवृत्ती सर्व रकाने एकाच तक्त्यात भरण्याची असते. जिल्हा, तालुका, गाव, भूमापन क्रमांक, खातेदाराचे नाव, क्षेत्र, पीक असे सारे एका ओळीत. यातील धोका १ ऑगस्ट २०१४ या तारखेवरून स्पष्ट होतो. त्या दिवशी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. पंधरा तालुक्यांपैकी आठ नव्या जिल्ह्यात गेले. शहापूर व मुरबाडसह सात ठाण्यात राहिले. जिल्ह्याचे नाव जमिनीच्या प्रत्येक ओळीत लिहिलेले असेल, तर त्या आठ तालुक्यांतील झाडून साऱ्या ओळी दुरुस्त कराव्या लागतात आणि एक जरी सुटली तरी ती जमीन एका जिल्ह्यात व शेजारची दुसऱ्या जिल्ह्यात दिसते. तालुक्यांचा तक्ता स्वतंत्र असेल, तर केवळ आठ ओळी बदलतात.

जमीन आणि खातेदार यांचे नाते अधिक सूक्ष्म आहे. एका जमिनीस अनेक खातेदार असतात. एका खातेदाराच्या अनेक जमिनी असतात. 'खातेदार १', 'खातेदार २', 'खातेदार ३' असे रकाने पाडले, तर वारसनोंदीत सात नावे लागताच रचना कोलमडते. उपाय म्हणजे तिसरा तक्ता. त्यात जमिनीची किल्ली, खातेदाराची किल्ली आणि त्याचा हिस्सा, एवढेच असावे. जोडतक्ता ही कल्पना कर्मचारी-प्रकल्प या उदाहरणापेक्षा चुलत भावंडांच्या सामाईक शेतावरून कितीतरी लवकर समजते.

रकान्यांतील सापळे :

भूमापन क्रमांक व हिस्सा '१२/२' असा लिहिला जातो. तो स्प्रेडशीटमध्ये भरला की संगणक त्याची तारीख करून टाकतो. म्हणून तो मजकूर म्हणूनच ठेवावा, अथवा क्रमांक व हिस्सा यांचे दोन रकाने करावेत. क्षेत्राचे याउलट आहे. उताऱ्यावर ०.४०.५० असे लिहिलेले क्षेत्र शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर असते. ते मजकूर म्हणून ठेवल्यास बेरीज होत नाही. ४०५० चौरस मीटर अशी संख्या साठवावी आणि दाखवतानाच तिची तीन भागांत फोड करावी.

नावांचा प्रश्न याहून गंभीर आहे. उताऱ्यावर नावापाशी 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे आढळतात. ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची मॅनेजर आहे, असा त्यांचा अर्थ. ही बाब नावाचा भाग नव्हे. ती त्या व्यक्तीच्या नोंदीतील भूमिका आहे आणि तिची जागा जोडतक्त्यात आहे. एखाद्या विद्यार्थ्याने नावे 'स्वच्छ' करण्याच्या उत्साहात ती अक्षरे पुसली, तर थोरल्या भावाच्या नावामागे असलेले धाकट्यांचे हक्क तक्त्यातून नाहीसे होतात.

देवनागरीतील नावे शोधतानाही फसगत होते. 'नथु' आणि 'नथू' ही संगणकाच्या लेखी दोन माणसे आहेत. एवढे विद्यार्थी जाणतो. पण 'बोऱ्हाडे' या आडनावातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी टंकता येतो, हे त्यास ठाऊक नसते. एका प्रकारात 'ऱ' हे अक्षर व हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मात्र समानतेची अट एकासच ओळखते. म्हणून शोध नावाने न घेता खाते क्रमांकाने घ्यावा आणि नाव ही किल्ली कधीच करू नये. एकाच गावात एकाच नावाच्या दोन व्यक्ती असणे ही तर नित्याची गोष्ट आहे.

'इतर हक्क' या रकान्यात कुळाचे नाव, कर्जाचा बोजा, विहिरीतील हिस्सा असे सर्व काही मजकुराच्या रूपात येते. आराखडा करणाऱ्यास हा रकाना अडगळीचा वाटतो. तथापि कसणाऱ्याचा जमिनीशी असलेला संबंध नेमका याच रकान्यात उरलेला असू शकतो. तो 'टिपा' या नावाखाली पन्नास अक्षरांत कोंबू नये.

मराठी वाक्य आणि क्वेरी :

एस.क्यू.एल.ची वाक्यरचना इंग्रजी आज्ञार्थासारखी आहे. प्रथम 'सिलेक्ट', मग 'फ्रॉम', 'व्हेअर', 'ग्रुप बाय'. परंतु अर्थ लावण्याचा तर्कक्रम तसा नाही. आधी फ्रॉममधील तक्ता घेतला जातो, नंतर व्हेअरची अट लागते, मग गट पडतात आणि त्यानंतर सिलेक्टमधील रकाने ठरतात. आता हे मराठी वाक्य पाहावे : 'पीक नोंदवहीतून, यंदाच्या खरिपातील भाताच्या नोंदींची, गावनिहाय, क्षेत्राची बेरीज दाखवा.' तक्ता आधी, अट मग, गट त्यानंतर आणि क्रियापद शेवटी. क्रियापद अखेरीस ठेवणारी मराठी भाषा येथे तर्कक्रमाशी जुळून येते. ज्या माध्यमाचे विद्यार्थ्यास ओझे वाटते, तेच येथे उपयोगी पडते. क्वेरी लिहिण्यापूर्वी असे वाक्य वहीत लिहून घेतले, तर सिलेक्टमध्ये ठेवलेले टोपणनाव व्हेअरमध्ये का चालत नाही, यासारख्या शंका आपोआप सुटतात.

जोडणी आणि रिक्त मूल्य :

जॉइन शिकताना सर्वाधिक चुका बेरजेत होतात. ४०५० चौरस मीटरच्या एका जमिनीस तीन सहखातेदार आहेत असे समजू. जमिनीचा तक्ता जोडतक्त्याशी जोडला की तीच जमीन तीन ओळींत येते आणि क्षेत्राची बेरीज १२१५० होते. संगणक कोणतीही चूक दाखवत नाही. गावाचे क्षेत्र गावाच्या शिवेबाहेर गेल्याचे पाहून शेतकऱ्याच्या मुलास शंका येते. केवळ संख्या पाहणाऱ्यास ती येईलच असे नाही.

दुसरी अडचण न-नोंदीची. भाताच्या खाचराशेजारी नागली-वरईची वरकस जमीन असते. काही पड असते. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाल्यावर शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून पीक नोंदवण्याची सोय झाली; पण ज्याने ती नोंद केली नाही, त्याच्या जमिनीस बारा नंबरात ओळच नाही. साध्या जॉइनमध्ये अशी जमीन उत्तरातून गळून पडते. ती हवी असल्यास लेफ्ट जॉइन वापरून पिकाचा रकाना 'इज नल' आहे का, हे विचारावे लागते. तसेच 'पीक भाताव्यतिरिक्त' अशी अट घातल्यास ज्यांचे पीक रिक्त आहे त्या ओळी येत नाहीत. कारण रिक्त मूल्याशी केलेली तुलना खरीही नसते आणि खोटीही नसते, ती अज्ञात ठरते. पड जमीन, नोंद न झालेली जमीन आणि शून्य क्षेत्र या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नुकसानभरपाईची यादी अशाच क्वेरीतून निघत असेल, तर या तिहींमधील घोळ कोणाच्या दारात जाऊन थांबेल, हे सांगणे नको.

फेरफार आणि ट्रान्झॅक्शन :

खरेदीखत झाल्यावर विकणाऱ्याचे नाव कमी होते व घेणाऱ्याचे लागते. या दोन क्रिया मिळून एक ट्रान्झॅक्शन होय. पहिली घडून दुसरी राहिली, तर जमीन बेवारस. दुसरी घडून पहिली राहिली, तर एकाच जमिनीचे दोन धनी. म्हणून दोन्ही पूर्ण झाल्यावरच 'कमिट' करावे, अन्यथा 'रोलबॅक'. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० ची कार्यपद्धती याच अंगाने वाचता येते. फेरफार प्रथम नमुना सहामध्ये लिहिला जातो, हितसंबंधितांना सूचना दिली जाते, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच अधिकार अभिलेखात बदल कायम होतो.

हस्तलिखित उताऱ्यावर जुने नाव खोडून टाकत नसत. त्यास कंस करून फेरफार क्रमांक लिहीत. प्रयोगशाळेत 'डिलीट' ही आज्ञा दुसऱ्याच आठवड्यात शिकवली जाते आणि विद्यार्थी ती मुक्तहस्ते वापरतो. तलाठ्याच्या कंसाचे डेटाबेसमधील रूप म्हणजे प्रत्येक हक्कनोंदीस 'केव्हापासून', 'केव्हापर्यंत' व 'फेरफार क्रमांक' हे तीन रकाने. संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. विरुद्ध सिद्ध करू पाहणाऱ्या वारसास कंसातील तेच नाव लागते.

या सर्व अभ्यासासाठी महागडी सामग्री लागत नाही. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये तयार केलेली एस.क्यू.लाइट ही प्रणाली विनामूल्य असून अँड्रॉइड फोनमध्ये ती अंतर्भूतच असते. एखादे लहानसे ॲप घेतले की आसनगाव स्थानकावर लोकलची वाट पाहतानाही क्वेरी चालवून पाहता येते. एक पथ्य मात्र पाळावे. ही प्रणाली रकान्याच्या प्रकाराबाबत सैल आहे. संख्येच्या रकान्यात ०.४०.५० हा मजकूर ती निमूटपणे स्वीकारते. त्यामुळे 'चेक'ची अट स्वतः लिहावी लागते. परकीय किल्लीची तपासणीही तेथे बहुधा प्रत्येक जोडणीच्या वेळी 'प्राग्मा' आज्ञेने चालू करावी लागते. ती केली नाही, तर अस्तित्वात नसलेल्या गावात जमीन नोंदवली जाते आणि तक्ता तीही ठेवून घेतो.