भरतीच्या विजेचा जमाखर्च

बोरिवलीहून गोराईला जाणाऱ्या लाँचसाठी धक्क्यावर थोडा वेळ थांबावे लागले, की नांगरून ठेवलेल्या होड्यांकडे लक्ष द्यावे. ओहोटीच्या, म्हणजे कोळ्यांच्या बोलीत सुकतीच्या, पाण्यात त्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून, दोर ताणून उभ्या असतात. मग पाणी थबकते, दोर सैल पडतात, होड्या काही काळ कशाही डुलत राहतात, आणि भरतीची पहिली ओढ लागताच एकेक होडी आपल्या नांगराभोवती फिरून समुद्राकडे तोंड वळवते. कोणाचाही हात न लागता एवढे अवजड लाकूड फिरवणारे हे सामर्थ्य रोज येत-जात असताना आपण दूरदेशीचा कोळसा जाळून दिवे का लावतो, असा प्रश्न ते पाहणाऱ्याच्या मनात उभा राहिला तर नवल नाही. प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु त्याच्याभोवती जे समज जमले आहेत, त्यांतले बरेचसे तपासून घेण्यासारखे आहेत.

पहिला घोटाळा शब्दांचाच आहे. आषाढात वर्सोव्याच्या किनाऱ्यावर दगडी बांधावर आदळणारी लाट आणि मार्वेच्या खाडीत गुपचूप चढणारे पाणी या दोन्हींना आपण सरसकट ‘समुद्राची शक्ती’ म्हणतो. वास्तविक लाट ही वाऱ्याची संतती, आणि भरती ही चंद्र-सूर्यांच्या आकर्षणाची. केरळात विळिंजम येथे १९९१ साली मद्रासच्या आय.आय.टी.ने उभारलेले १५० किलोवॅटचे प्रायोगिक केंद्र लाटांचे होते, भरतीचे नव्हते. लाटेचा भरवसा वाऱ्याइतकाच. भरतीचा मात्र पंचांगाइतका. तिथीला तिनाने गुणून चाराने भागले म्हणजे भरतीची साधारण वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे, आणि त्याप्रमाणे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती असणार हे सांगायला कोणत्याही वेधशाळेकडे जावे लागत नाही.

दुसरा समज असा की समुद्र अफाट, म्हणून वीजही अफाट. विजेला नुसते पाणी पुरत नाही, त्या पाण्याला उंचीवरून पडावे लागते. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तेव्हा सह्याद्रीने त्या पाण्याला पाचशे मीटरांहून अधिक उतार दिला होता. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागच्या, भरती-ओहोटीतला सरासरी फरक ३.६६ मीटर आहे, आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, तो १.४४ मीटरवर येतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण सारा हिशेब तिच्यावर उभा आहे: बांधाआड कोंडलेल्या पाण्यातली ऊर्जा उंचीच्या प्रमाणात वाढत नाही, उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे उधाणाची उंची भांगाच्या अडीचपट असली, तरी ऊर्जा साडेसहापट होते.

हाच हिशेब घरापर्यंत आणून पाहू. एक चौरस किलोमीटर खाडी बांधाने अडवली, उधाणाचे पाणी आत घेतले आणि ओहोटीला सोडले, तर एका खेपेस कागदावर सुमारे १८,७०० युनिट निघतात. यंत्रांच्या पदरात त्यांतला तिसरा हिस्सा पडला असे उदारपणे धरले आणि दिवसाच्या दोन खेपा मोजल्या, तर महिना २०० युनिट वापरणाऱ्या सुमारे १,८५० कुटुंबांची त्या दिवसाची गरज भागते. अष्टमीला तीच खाडी तीनशे कुटुंबांनाही पुरत नाही, किंबहुना इतक्या अल्प उतारावर यंत्र फिरेलच याची शाश्वती नाही. अंधेरी-घाटकोपरच्या एका मोठ्या वसाहतीसाठी एक चौरस किलोमीटर खाडी गहाण टाकण्यासारखे हे आहे.

याउलट फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखाशी १९६६ साली उभारलेले २४० मेगावॅटचे केंद्र आजही चालू आहे, कारण तेथील भरतीची सरासरी उंची आठ मीटरांवर आहे. आपल्या देशातही निसर्गाने ही देणगी दिली आहे, पण ती मुंबईला नव्हे, खंबातच्या आखाताला दिली आहे: तेथे भरती जास्तीत जास्त अकरा मीटरांपर्यंत चढते, आणि सरकारी अंदाजानुसार एकट्या खंबातची क्षमता ७,००० मेगावॅट व कच्छच्या आखाताची १,२०० मेगावॅट आहे.

भरती अखंड असते म्हणून वीजही अखंड मिळेल, हेही खरे नाही. पाणी थबकते तेव्हा यंत्रही थबकते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे चंद्राचे वेळापत्रक व चर्चगेट लोकलचे वेळापत्रक यांचा मेळ क्वचितच बसतो. मात्र या शक्तीचा खरा गुणही येथेच आहे. उद्या ढग येतील की नाही, वारा पडेल की नाही, हे सौर आणि पवन केंद्रांना निश्चित ठाऊक नसते. भरतीच्या केंद्राला मात्र पुढल्या वर्षीच्या कोणत्याही दिवशी, कोणत्या तासाला किती वीज हाती येईल, हे आजच सांगता येते. वीजपुरवठ्याची तजवीज करणाऱ्याला या खात्रीचे मोल फार मोठे आहे.

पाणी फुकट आहे, तेव्हा वीज स्वस्त पडेल, असे म्हणणारे बांधाचा, खाऱ्या पाण्यात न गंजणाऱ्या धातूचा आणि गाळ उपसण्याचा खर्च विसरतात. सुंदरबनातील दुर्गादुआनी खाडीवर अवघ्या ३.७५ मेगावॅटची योजना आखली गेली, तिचे अंदाजपत्रक २३८ कोटी रुपयांवर गेले, म्हणजे मेगावॅटला त्रेसष्ट कोटींहून अधिक. आणि खर्चाच्याच कारणाने ती व कच्छमधली ५० मेगावॅटची योजना, दोन्ही सोडून द्याव्या लागल्या. तथापि एवढ्यावरून ही वीज जगभर फसली असा निकाल देणेही अन्यायाचे होईल. भांडवल एकदा फिटले, की अशी केंद्रे अर्धशतकाहून अधिक काळ इंधनाविना चालतात, याला रान्सचा दाखला पुरेसा आहे.

धूर नाही म्हणून अपाय नाही, या समजाबद्दल मात्र मला अधिक विस्ताराने सांगावेसे वाटते. रान्सचे बांधकाम चालू असता ते नदीमुख तीन वर्षे समुद्रापासून तोडलेले होते. आतली जीवसृष्टी जवळजवळ नष्ट झाली, आणि तिची घडी पुन्हा बसायला सुमारे दहा वर्षे लागली. कॅनडातील अॅनापोलिस रॉयलचे २० मेगावॅटचे केंद्र २०१९ साली बंद पडले, आणि त्याच्या यंत्रात सापडून मरणाऱ्या माशांचा प्रश्न त्यामागे होता. दुसऱ्या बाजूने, दक्षिण कोरियात सिहवा येथे समुद्र अडवणारा बांध आधीच घातलेला होता व त्याआड पाणी कुजत होते; २०११ साली त्याच बांधात २५४ मेगावॅटचे केंद्र बसवल्यावर भरतीचे पाणी पुन्हा आत-बाहेर खेळू लागले आणि पाण्याचा दर्जा सुधारला. म्हणजे बांध आधीच असेल तर ही वीज उपकारक ठरू शकते, आणि वाहती खाडी नव्याने अडवायची असेल तर ती महागात पडते.

आपल्या खाड्या वाहत्या आहेत, आणि त्यांतले पाणी वाया जाते हाच सर्वांत खोल रुजलेला गैरसमज आहे. गोराई, मनोरी, मढ, वर्सोवा येथील कोळी जी डोल लावतात, ती लांबलचक पिशवीसारखी जाळी पाण्याच्या ओढीवरच फुगते. कोणी ती ओढत नाही, प्रवाहच बोंबील आणि जवळा तिच्यात आणून भरतो, आणि पाणी थबकले की ती रिकामी करायची. उधाणाच्या दिवसांत ओढ जोराची असल्याने धंदा चालतो, भांगाला जाळे नीट फुगतही नाही. इंजिनियराच्या यंत्राला जी ओढ हवी, तीच डोलीलाही हवी. वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांच्या रांगा पाहून कोणी सांगावे, की ही शक्ती बेकार पडून आहे!

तिवरांचेही तसेच आहे. चिखलातून वर आलेली त्यांची मुळे ओहोटीच्या वेळी हवा घेतात. पाणी तासन्‌तास कोंडून ठेवले तर ती गुदमरतात. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांनी कित्येक पिढ्या उधाणाचेच पाणी आत घेतले. त्याच अंगाला ठाणे खाडीत सुकतीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर रोहित पक्षी चरतात, आणि तो पट्टा २०१५ पासून अभयारण्य व २०२२ पासून रामसर पाणथळ म्हणून नोंदलेला आहे. शिवाय दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या नद्या पावसाळ्यात आपले पाणी पश्चिमेकडच्या खाड्यांत सोडतात. ओहोटीला वीज काढायची तर भरतीचे पाणी बांधाआड काही तास अडवून धरावे लागते, म्हणजे मुसळधार पावसात या नद्यांचे तोंड तितके तास अधिक बंद राहणार. आधीच गुडघाभर पाण्यातून घर गाठणाऱ्या उपनगरवासीयांना यावर अधिक खुलासा नको.

बांध न घालता प्रवाहात बुडवलेली चक्रे फिरवण्याचा मार्गही आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेस मेजेन प्रकल्पात प्रत्येकी दीड मेगावॅटची चार यंत्रे त्या प्रकारे चालतात. परंतु तेथील सामुद्रधुनीचा प्रवाह जगातल्या अतिवेगवान प्रवाहांपैकी आहे, आणि आपल्या गाळाच्या, उथळ, होड्यांनी गजबजलेल्या खाडीत तशी खोली व मोकळीक नाही.

खंबातच्या उंच भरतीवर संशोधन आणि पैसा जरूर लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गोराईच्या खाडीत मात्र डोलीच लागोत. आणि उपनगरांच्या खाडीतून वीज काढण्याची एखादी योजना पुढे कधी वाचनात आली, तर उधाणाचे आकडे बाजूला ठेवून वाचकांनी एवढेच विचारावे, की अष्टमीच्या दिवशी ती किती युनिट देईल.