महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल श्रीप्रकाश

परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने ‘राज्यपाल’ ही संज्ञा फार जुनी नाही. ऑक्टोबर १९५६ अखेरपर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि त्या राज्याच्या शिरोभागी ‘राजप्रमुख’ म्हणून निजाम मीर उस्मान अली खान होते. १ नोव्हेंबर रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा तेथील राज्यपालपद मुख्य न्यायमूर्ती छागला हंगामी म्हणून सांभाळीत होते. डिसेंबरात श्रीप्रकाश आले. १ मे १९६० रोजी तेच महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले.

‘गव्हर्नर’ या शब्दाच्या मुळाशी सुकाणू धरणे हा ग्रीक अर्थ आहे, तर ‘पाल’ या पदात रक्षणाचा. अमेरिकेतील लोकनिर्वाचित गव्हर्नर पहिल्या अर्थाला जवळचा. आपल्याकडे सुकाणू मुख्यमंत्र्याच्या हाती असते आणि राष्ट्रपतिनियुक्त राज्यपाल एरवी साक्षीभावाने राहतो. मात्र निवडणुकीत कोणासच बहुमत न मिळाल्यास सुकाणू कोणाच्या हाती द्यावयाचे, हे त्यालाच ठरवावे लागते. श्रीप्रकाशांवर हा प्रसंग मुंबईस येण्यापूर्वीच, मद्रासमध्ये आला होता.

डॉ. भगवानदासांचे हे पुत्र १८९० साली काशीत जन्मले व केंब्रिजमध्ये शिकले. पाकिस्तानातील पहिले भारतीय उच्चायुक्त, आसामचे राज्यपाल, केंद्रीय मंत्री अशी पदे भूषवून ते मार्च १९५२ मध्ये मद्रासचे राज्यपाल झाले. तेथील विधानसभेच्या ३७५ जागांपैकी काँग्रेसला १५२ च मिळाल्या होत्या. विरोधकांनी आघाडी करून टी. प्रकाशम् यांना नेता निवडले होते. तरीही श्रीप्रकाशांनी निवडणूकच न लढविलेल्या राजगोपालाचारींना पाचारण केले व त्यांची विधान परिषदेवर नियुक्ती केली. या नियुक्तीविरुद्धचा अर्ज उच्च न्यायालयाने फेटाळला आणि पुढे राजाजींनी विधानसभेचा विश्वासही संपादन केला.

अशा नियुक्तीसाठी संविधानाच्या १७१ व्या अनुच्छेदात साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ व समाजसेवा ही क्षेत्रे सांगितली आहेत. राजाजींचे साहित्यिकत्व निर्विवाद होते. परंतु त्यांची निवड त्यासाठी झाली नव्हती, हे उघड आहे. अनुच्छेदाचे शब्द राखले गेले, आशय मात्र बाजूस पडला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मुंबईत असा पेच उद्भवला नाही. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीची सरशी झाली, तरी एकूण द्विभाषिकात काँग्रेसचे बहुमत टिकले आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री राहिले. एप्रिल १९६२ मध्ये श्रीप्रकाश पदमुक्त झाले. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.